संध्याकाळी पाडायची भिंत

हल शहरात, बंदरामागच्या दोरखंडांच्या जुन्या गोदामात
आम्ही दिवसभर भिंत बांधायचो
आणि दिवस मावळायच्या आत पाडायचो.

साडेचार वाजले की विल्फ ऑक्सटबी
चहाचा मग फळीवर पालथा घालायचे.
म्हणजे काढा.
नुसता चुना नि वाळू, सिमेंटचा कण नाही,
त्यामुळे तो गारा घट्ट धरायचाच नाही.
थापीचं टोक घातलं की वीट सुटून हातात यायची.
तिची पाठ खरवडायची, थप्पीला लावायची.
उद्या हीच. परवाही हीच.
एका विटेला तर मी ओळखायला लागले होते:
भट्टीत कडेला पडलेला काळा डाग,
उचललेल्या भुवईसारखा.

मी मासळीच्या कारखान्यातून आले होते.
तीन वर्षं हॅडॉक सोलून बोटं बधिर.
विल्फ म्हणाले, बरंय, थंडीची सवय तरी आहे.
पहिला महिना विटेला शिवू दिलं नाही,
गारा उचल, पसर, परत गोळा कर.
"मनगट, टॅमसिन. खांदा नको.
ब्रेडला लोणी लावायचंय,
कुणाच्या थोबाडीत नाही मारायची."

शिकवणं असं फार नव्हतंच.
ते मागे येऊन उभे राहायचे आणि नाकानं श्वास सोडायचे.
श्वासाच्या लांबीवरून समजायचं
थर किती चुकलाय.
वीट आधी वाजवायची.
चांगली असली तर खणखणते,
तडकलेली खोकते.
दरजेवर दरज येऊ द्यायची नाही,
खालच्या दोघींच्या मधोमध वरची बसते.
आणि ओळंब्याशी हुज्जत घालायची नाही,
तो थेट पृथ्वीला विचारून आलेला असतो.

(हे शेवटचं विल्फचं नाही, माझं.
ते फक्त म्हणायचे, "वाकडी आहे.")

दारेक कोपरे उभारण्यात पटाईत.
पाडायच्या आधी तो भिंतीचा फोटो काढायचा,
पोलंडला आईला पाठवायचा.
तिला वाटायचं, पोरगा रोज एक घर बांधतो.
कितीदा तरी त्याच त्या विटा, तिला कुठून कळणार.
भुवईवाली कधी खालच्या थरात, कधी अगदी वर.

मार्चमध्ये आम्हाला नेलं
वृद्धाश्रमाच्या बागेची भिंत बांधायला.
खाडीवरून वारा येत होता, तोंडात चिखलाची चव.
मिक्सर घरघरला. त्यातून आला तो गारा
हिरवट राखाडी, जड,
आणि त्याला घाई होती.
सिमेंट.
मी पहिली वीट धरून उभीच राहिले.
विल्फ म्हणाले, "काय झालं?"
म्हटलं, काही नाही.
नऊ महिने चुकायची सोय होती, एवढंच.

तिसऱ्या थरात, डावीकडून अकरावी,
एक वीट तांदळाच्या दाण्याइतकी पुढे आली.
दुसऱ्या दिवशी सकाळचं ऊन तिरपं पडलं
तेव्हा तिच्याखाली सावलीची बारीक रेघ दिसली.
विल्फनी त्या कडेवर अंगठा फिरवला.
मी श्वासाची वाट पाहिली.
तो आलाच नाही.
"काढू?"
"कशानं, छिन्नीनं? शेजारच्या दोन फुटतील."
मग थोडं थांबून,
"माझी बेव्हर्लीला आहे एक. पोस्टाच्या मागे.
बायकोलासुद्धा दाखवलेली नाही."

ते जाऊन आता सहा वर्षं झाली.
दारेक लीड्सला, त्याचा स्वतःचा ट्रक आहे.
बेव्हर्लीच्या पोस्टामागे मी एकदा जाऊन आले.
भिंत लांबलचक, वर आयव्ही चढलेली.
हातानं पानं बाजूला करत बरंच शोधलं,
अंगठा कुठेच अडला नाही.
एक तर वेलीनं झाकली असेल,
नाहीतर म्हातारा खोटं बोलला.

माझी मात्र आहे तिथेच आहे.
बसमधून दिसते, ऊन असलं तर.
आणि अजून साडेचार वाजले की,
कुठल्याही साइटवर असले तरी,
हात आपोआप थापीकडे जातो,
काढायला.